माफी मागणाऱ्याची होळी

"त्या चष्मेवाल्याले धरा! खुंट्याकडं सरकून राह्यला थो मुंबईवाला! हाना त्याले!"

मी मुंबईचा नाही, पुण्याचा आहे, हा खुलासा करण्याची ती वेळ नव्हती. ओरडणाऱ्या बाईंचं नाव जमनाबाई. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात आरसेच आरसे लावलेला लाल फेटिया (घेरदार घागरा), कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि हातात ओला फोक (झाडाची लवचीक छडी). ऊन त्या आरशांवर पडलं की प्रत्येक आरशात मी वेगवेगळ्या कोनांतून मार खाताना मला दिसत होतो. अशी सोय कुठल्याही पर्यटनस्थळी मिळत नाही. जमनाबाईंच्या मागे तांड्यातल्या झाडून सगळ्या बाया, प्रत्येकीच्या हातात फोक, आणि पुढे माळावर मी एकटा. माझ्या बाजूचे वीर केव्हाच चिंचेच्या झाडामागे पोचले होते.

मी पळालो. महागाव तालुक्यातल्या त्या माळावर मी जो पळालो, तो पाहून बाजूच्या शेतातला बैल चरायचा थांबला, असं मला नंतर सांगण्यात आलं. सांगणारा मीच.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, हा माणूस तिथे गेला कशाला? तेव्हा थोडं मागे जातो. पाठ टेकता येत नसल्यामुळे हे सगळं उभ्यानेच लिहितो आहे, तेवढं सांभाळून घ्या.

पुण्यात मिक्सर विकणाऱ्या एका कंपनीत मी 'ग्राहक समाधान अधिकारी' आहे. नावावर जाऊ नका. ज्यांचा मिक्सर बिघडतो ते फोन करून शिव्या देतात आणि मी माफी मागतो. मिक्सर मी बिघडवलेला नसतो, दुरुस्तही करणार नसतो. माझ्याकडे तीन वाक्यं आहेत. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' आणि 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे'. इतकी वर्षं ही तीनच वाक्यं बोलून बोलून माझी जीभ अशी वळली होती की एकदा मेहुण्याच्या लग्नात आहेर देताना मी नवरीला म्हणालो, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." ती हसली नाही. तिला ते पटलं असावं.

याच तोंडाने मी कॉलेजात गोष्टी सांगायचो. सगळ्या थापा. पण अशा पक्क्या की ज्याच्याविषयी थाप असायची तोही मान डोलावून म्हणायचा, "हो, मी तसंच केलं होतं." ते कुठेतरी आटलं. घरी येऊन मी सोफ्यावर पडायचो आणि नोकरीच्या नावाने रडायचो. देवाधर्माचं विचाराल तर माझी श्रद्धा फक्त आमच्या इमारतीच्या लिफ्टवर होती, आणि तीसुद्धा गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर अडकली.

अशात मॅनेजरनी टीम लीडर करतो म्हणून सांगितलं. म्हणजे आणखी चार जणांच्या वतीने माफी मागायची. सोमवारी उत्तर हवं होतं. मी घरी आलो आणि नेहमीप्रमाणे रडायला बसलो. माझी बायको वंदना कणीक मळता मळता म्हणाली, "हे बघ, राजीनामा दे, मी काही म्हणणार नाही. नाहीतर नोकरी कर आणि रडणं सोड. दोन्ही एकदम मला या घरात नको. सोमवारच्या आत काय ते ठरव."

ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर गोकुळ राठोड बसतो. त्याला माझ्याइतक्याच शिव्या पडतात, पण तो त्या पान खाल्ल्यासारख्या चघळत ऐकतो. मी त्याला एकदा विचारलं होतं, तुला काहीच कसं वाटत नाही? तो म्हणाला, "मी होळीची प्रॅक्टिस समजतो." या वेळी त्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "होळीला आमच्या तांड्यावर चला. माझ्या पोरीची धुंड आहे. शिव्या खायची खरी जागा दाखवतो."

धुंड म्हणजे काय ते मी विचारलं नाही. फुकटात जेवण आहे एवढं कळलं होतं.

रात्रभर बसमध्ये गारठून सकाळी उमरखेडला उतरलो. त्या बसचा एसी इतका जोरात होता की उतरलो तेव्हा माझ्या मिशांना बर्फ लागला होता. मला मिशा नाहीत, पण असत्या तर लागला असता. स्टँडबाहेर आलुबोंडा घेतला. त्यावर गाडीवाल्याने लाल रस्सा ओतला. मी म्हटलं, "जरा कमी तिखट द्या." तो म्हणाला, "हा कमीच हाय जी, लहान लेकराईचा." पहिल्या घासाला माझा गारठा गेला, दुसऱ्याला सर्दी गेली, तिसऱ्याला मला माझी आजी दिसली. तिने मला परत पाठवलं.

महागावच्या एसटीत खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस असा पेटला होता की त्यात एकही पान शोधून सापडू नये. मोकळ्या जागांवर उकडलेली हळद वाळत घातलेली, एसटी वळणावर मंदावली की तिचा कढत, मातकट वास आत यायचा. कापूस वेचून झालेला. शेताशेतांत पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) काड्या उपटून ढीग लावलेले. उन्हाळा नुकताच आला होता, पण घरात शिरून पाय पसरून बसला होता.

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ आणि त्यांच्या पलीकडे त्यांच्या मंडळी बसल्या होत्या.

"कुठले जी तुमी?"

"पुण्याचा."

"काय काम करता?"

मी सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"मिक्सर तुमी बिघडवता?"

"नाही."

"दुरुस्त करता?"

"नाही."

"निस्ती मापी मांगता?"

"हो."

"अन् याचा पगार भेटते?"

"भेटतो."

ते बायकोकडे वळून म्हणाले, "आयकलं काय वं? मी लग्नापासून फुकट करून राह्यलो."

बाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "अन् थे बी धड जमत नाई."

महागावच्या स्टँडवर गोकुळ मोटरसायकल घेऊन उभा होता. हा पुण्यातला गोकुळ नव्हता. पुण्यातला गोकुळ 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?' असं बोलतो. हा किराणा दुकानदाराशी वऱ्हाडीत भांडला, फोनवर आईशी गोरबोलीत (बंजारा समाजाच्या बोलीत) बोलला आणि माझ्याशी पुणेरीत. मोटरसायकलचा गिअर पडला की त्याची भाषाही बदलायची. वाटेत त्याने धुंड समजावून सांगितली.

वर्षभरात तांड्यात जन्मलेल्या लेकराला होळीच्या दिवशी मधोमध बसवायचं. गेरिये (होळी खेळणारे पुरुष) त्याच्या डोक्यावर आडवी काठी धरतात, तिच्यावर दुसऱ्या काठ्या वाजवतात आणि गाणं म्हणून आशीर्वाद देतात.

"छान आहे की!" मी म्हटलं.

"पुढं ऐका. आमच्या तांड्यात त्याच्या आधी खुंटा असतो. जमिनीत खुंटा ठोकायचा, त्याला सुवाळीचा (गोड पुऱ्यांचा) हंडा बांधायचा. भोवती गेरणी, म्हणजे बायका, फोक घेऊन उभ्या. आपण तो खुंटा उपटायचा."

"आणि त्या?"

"त्या मारतात."

"म्हणजे हळूच, लुटुपुटीचं?"

गोकुळने गिअर बदलला.

तांडा टेकडीच्या पायथ्याशी, पन्नासएक घरांचा. गोकुळची आई, म्हणजेच त्या जमनाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर आठ महिन्यांची चिमी. गोकुळ त्यांना याडी (आई) म्हणतो. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुलाला म्हणाल्या, "हा कोर (बंजारा नसलेला माणूस) मार खाऊन राह्यन काय? लयच नाजूक हाय."

"याडी, हा रोज आठ तास शिव्या खाते."

"शिव्या अलग, फोक अलग," जमनाबाई म्हणाल्या आणि चिमीच्या तोंडातला माझ्या बॅगेचा बंद काढून घेतला.

जेवायला ज्वारीची बाटी (भाकरी), मटणाचा काळा रस्सा आणि सळोई. सळोई दोनदा मागून घेतली. ती बकऱ्याच्या रक्ताची करतात हे मी जेवण झाल्यावर विचारलं. प्रवासात प्रश्न जेवणानंतरच विचारावेत, हा या लेखातला एकमेव उपयोगी सल्ला.

संध्याकाळी नायकांच्या अंगणात बैठक बसली तेव्हा मला कळलं की प्रकरण दिसतं तेवढं सरळ नाही. या तांड्यात धुंड आजवर फक्त मुलांची झाली होती. मुलीची पहिल्यांदाच, तीही जमनाबाईंनी हट्ट धरला म्हणून. एक म्हातारे बाबा खाटेवरून म्हणाले, "पोरीची धुंड कोनी पाह्यली हाय काय?"

"मी बी नाई पाह्यली," जमनाबाई म्हणाल्या. "म्हनूनच पाहाची हाय."

हिरामण नायक हा तांड्याचा प्रमुख. मिशी अशी की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला, "खुंटा उपटला तं धुंड. सूर्य बुडेपर्यंत नाई उपटला तं नाई. जे पोराले थेच पोरीले."

आता अडचण अशी होती की तांड्यातले बरेचसे धट्टेकट्टे गडी ऊसतोडीला गेलेले. कारखाने अजून चालू. उरलेल्या गेरियांमध्ये दोघांचे गुडघे गेलेले, एकाचं नवं लग्न झालेलं, त्यामुळे तो समोरच्या फौजेतल्या एकीकडे बघून आधीच हरलेला. शिवाय गोकुळ, आणि मी.

मी जमनाबाईंना हळूच म्हणालो, "मावशी, धुंड व्हावी म्हणून तुम्हीच भांडलात. मग उद्या खुंटा जरा सैल ठोका ना. कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो.

"सैल खुंट्याची धुंड घेऊन काय करू? उद्या लोक म्हनतीन, पोरीची होती, म्हनून बायाईनं सोडून देल्ली. पोराच्या टायमाले जेवढा मार पडते त्याच्या दुप्पट पडन उद्या. सांगून ठेवते."

आणि खरंच, तो खुंटा त्यांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतला. बाभळीचा होता. माझा अंदाज असा की त्याचं टोक जमिनीतून आरपार जाऊन पलीकडे अमेरिकेत कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत निघालं असणार.

होळी इथे पहाटे पेटवतात. तिची धग अंगावर घेऊन, ओठ कोरडे पडेस्तोवर गाणी झाली. गाण्यांमध्ये बायका पुरुषांना आणि पुरुष बायकांना मनसोक्त शिव्या देत होते आणि सगळे हसत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा शिव्या ऐकल्या ज्यांच्या शेवटी कोणी मिक्सर बदलून मागितला नाही.

ऊन चढलं तसं युद्धाला तोंड लागलं. पहिल्याच हल्ल्यात काय झालं ते तुम्ही सुरुवातीला वाचलंच. दुसऱ्या हल्ल्यात नवरदेव गेला. त्याच्या बायकोनेच त्याला असा धुतला की बिचाऱ्याला माहेरी जावंसं वाटलं असेल. तिसऱ्या वेळी गुडघेवाले दोघे एकमेकांचा आधार घेऊन गेले आणि एकमेकांचा आधार सोडून परत आले. दुपार कलायला लागली. हंडा जागेवर, खुंटा जागेवर. चिमी सावलीत झोळीत झोपलेली, आणि तिची आई सुनीता एका हातात फोक घेऊन दुसऱ्या हाताने झोका देत होती. मधूनच सूर्याकडे बघायची. गेरणींमध्ये तीही होती. नवऱ्याला तिने दोन फटके मनापासून लावले होते, पण तिचा चेहरा उतरत चालला होता.

चिंचेखाली आमची सभा बसली. गोकुळ माझा हात धरून म्हणाला, "आता तुम्ही जा."

"मी? अरे, मी आत्ताच..."

"पळायचं नाही. उपटायचंही नाही. फक्त समोर उभं राहायचं. इतकी वर्षं जे करता तेच करायचं."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, गेलो नाही, ढकलला गेलो. बायांच्या घोळक्यासमोर उभा राहिलो. फोक वर गेले. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, म्हणून तोंडातून जे नेहमी निघतं तेच निघालं.

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

फोक हवेत थांबले.

"काय म्हनला वं?"

"मापी मांगून राह्यला!"

"मार खायाच्या आधीच?"

हसण्याची एक लाट आली आणि लाटेबरोबर जमनाबाईंचा फोक माझ्या पाठीवर आला. तो फटका मी काय सांगू? माझ्या मागच्या दोन पिढ्यांच्या पाठी शेकल्या असतील. आणि त्या क्षणी ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हणालो. "मावशी, दिलगीर आहे हो! खरंच दिलगीर आहे! काय चुकलं ते सांगा, मी लगेच नोंदवून घेतो!"

"नोंदवून घेतो?" मागून एक बाई पुढे आली. "मंग माही नोंदव. नळाले आठ दिसाआड पानी येते."

"नोंदवली, ताई. पुढे?"

"माहा मिक्सर!" दुसरी ओरडली. "झाकन उडते त्याचं! भिताडाले समदी चटनी!"

"कुठल्या कंपनीचा?"

तिने सांगितलं. आमच्याच. तिच्यापुढे मी हातच जोडले. "ताई, ते झाकण नेहमीच उडतं. आमच्या घरीही उडतं. मला बोलायची परवानगी नाही, पण तुम्ही वरून वरवंटा ठेवत जा."

मग बांध फुटला. नवऱ्याची तक्रार. सासूची तक्रार, जी सासू शेजारीच उभी राहून ऐकत होती. मग सासूची सुनेबद्दलची. दुकानदार काटा मारतो त्याची. लग्नाला आलेल्या एका नणंदेने पातेलं नेलं ते परत दिलं नाही, त्याची. प्रत्येक बाईला आपली आधी सांगायची घाई. फोक काखेत गेले, बोटं माझ्या छातीवर टोचायला लागली. मी ऐकत होतो. ऑफिसात मी ऐकतो तेव्हा समोरच्या पडद्यावर उरलेली मिनिटं बघत असतो. इथे पडदा नव्हता. त्यामुळे मला ऐकावंच लागलं आणि ऐकताना मजा यायला लागली. त्या पातेल्याच्या गोष्टीत तर मी इतका रंगलो की मागे गेरिये पोटावर सरपटत खुंट्याकडे निघालेत हे मीसुद्धा विसरलो.

मला फटका देऊन जमनाबाई परत खुंट्याजवळ गेल्या होत्या आणि आता तिथे त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी सरपटणारा गोकुळ पाहिला असणार. पाहिला नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि माझ्या शपथेला तसा अर्थही नाही. त्या दोन पावलं पुढे आल्या, बायांना बाजूला सारलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"माही बी लिव."

"सांगा, मावशी."

"माही धुंड कोनी केली नाई."

माझ्याजवळ तीन वाक्यं होती, तिन्ही आठवली, तिन्ही जिभेवरून परत गेली. सत्तर वर्षांपूर्वीच्या तक्रारीला आमच्याकडे बटण नाही.

तेवढ्यात मागे आरोळी उठली. खुंटा निघाला होता! गोकुळ हंडा डोक्यावर घेऊन नाचत होता, गुडघेवाले गुडघे विसरले होते. जमनाबाई गर्रकन वळल्या, "धोका केला रे, मुडद्याहो!" म्हणून ओरडल्या आणि हातात फोक घेऊन सगळ्यांना तांड्याभोवती पळवलं. कोणालाही सोडलं नाही. नायकालाही एक बसला. सैल काही नाही, याची अख्ख्या तांड्याला खात्री पटेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग अंगणात घोंगडी अंथरली. लेकराला मांडीवर घेऊन घरातला पुरुष बसतो, असं मला सांगितलं होतं. गोकुळ बसायला वाकला, तर जमनाबाई चिमीला घेऊन आधीच मधोमध बसल्या होत्या. खाटेवरच्या बाबांनी तोंड उघडलं. हिरामण नायकाने त्यांच्याकडे बघितलं, मग पाठीवर जिथे फोक बसला होता तिथे हात फिरवला आणि म्हणाला, "म्हना गानं. ऊन उतरून राह्यलं."

दोघांनी आडवी काठी धरली. ती चिमीच्या डोक्यावर होती, म्हणजे जमनाबाईंच्याही डोक्यावर होती. गेरिये काठ्या वाजवत गाऊ लागले. मलाही एक काठी दिली. मी नायकाला कानात विचारलं, "यामुळे खरंच लेकराचं भलं होतं?"

"माही केलती," तो म्हणाला. "झालो ना एवढा."

गाणं संपलं तेव्हा गोकुळ म्हणाला, "पाहुण्यांनीही काहीतरी म्हणावं. तुमच्या भाषेत." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आरती धड येत नाही, स्तोत्र येत नाही. चिमीने हात वर करून माझी काठी पकडली. आणि मला जे येतं तेच मी म्हणालो. तिच्याकडे बघून आणि थोडं वर, तिच्या आजीकडे बघून.

"आपण आमच्यासाठी महत्त्वाच्या आहात."

गोकुळ हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणतो. तो हसेल असं मला वाटलं. तो चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखं डोळ्यांना काहीतरी करायला लागला.

"काय म्हनला हा कोर?" जमनाबाईंनी विचारलं. गोकुळने त्यांना त्यांच्या बोलीत सांगितलं. 

"बराबर म्हनला," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात सुवाळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी यवतमाळमार्गे परतलो. एसटीत सीटला पाठ लावता येईना, म्हणून मी दांड्याला धरून उभा. कंडक्टरने विचारलं, "जागा हाय ना जी, बसत काहून नाई?" मी सांगायला लागलो. खरी सुरुवात तिथे झाली. महागाव सोडलं तेव्हा बाया वीसेक होत्या. आर्णी येईपर्यंत पन्नास झाल्या आणि त्यांच्यातली एक घोड्यावर बसली. मागच्या सीटवरचे लोक पुढे सरकले. एक पोरगी कानातले इअरफोन काढून ऐकायला लागली. यवतमाळला उतरलो तेव्हा दोनशे बाया होत्या, खुंटा सागाचा झाला होता, आणि ड्रायव्हर गाडी लावून म्हणाला, "थांबा थांबा, उतरू नका, मंग काय झालं थे सांगून जा."

स्टँडवर चहा पिताना माझ्या लक्षात आलं की मी इतक्या वर्षांनी गोष्ट सांगितली होती. कुठून आली ते कळेना. शोधत गेलो तर ती त्या घोळक्यातच सापडत होती, पातेल्याच्या तक्रारीपाशी, जिथे मी पहिल्यांदा मिनिटं न बघता ऐकलं होतं. वाटलं, आपल्याला रोज फोनवर आख्खा महाराष्ट्र आपल्या गोष्टी आणून देतोय आणि आपण त्याला थांबायला सांगून गाणं लावतोय. श्रद्धा वगैरे मोठे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. एवढंच म्हणतो की त्या बाईला नातीचा आशीर्वाद स्वस्तात नको होता, आणि त्याच्या किमतीतला थोडा वाटा माझ्या पाठीने उचलला आहे. आता त्या पोरीचं भलं होणार यावर माझा विश्वास आहे. न ठेवून कसं चालेल? पाठ दुखतेय ना.

घरी पोचलो तो रविवार होता. वंदना माझ्या पाठीला मलम चोळत होती आणि मी पालथा पडून सांगत होतो. बाया चारशे, घोडे बारा, माळावर धूळ इतकी की सूर्य दोन तास आधी मावळतो की काय अशी भीती. ती 'हं, हं' करत होती. मग मी उत्तरावर आलो. म्हटलं, टीम लीडर होणार नाही. चार जणांच्या वतीने माफी मागितली की ती कोणाचीच राहत नाही, मला माझ्या एकट्याची मागू दे. राजीनामाही देणार नाही. लोक इतक्या प्रेमाने शिव्या द्यायला फोन करतात, त्यांना सोडून जाऊ कुठे? ऐकेन नीट. आणि शनिवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून गोष्टी सांगेन, ज्याला यायचं त्याने यावं. रडणं आजपासून बंद. माणसाने आपला खुंटा, वंदना, आपणच घट्ट ठोकायचा आणि मग तो उपटायला...

तिने मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं.

"म्हणजे उद्या डबा करायचा," ती म्हणाली.